प्रयोगवृत्तांताची भाषा : जर्नलातील क्रियापदाविषयी काही विचार

१

विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्षास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या वह्यांत एक वही इतरांहून निराळी असते. तिचे एक पान कोरे व समोरचे पान रेघांचे असते. कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती काढावयाची. रेघांच्या पानावर हेतू, साहित्य, सूत्र, कृती, निरीक्षणे, गणित, निष्कर्ष आणि खबरदारी अशा ठरावीक मथळ्यांखाली शाईने मजकूर लिहावयाचा. आणि वर्षअखेर आरंभीच्या प्रमाणपत्रावर प्राध्यापकांची सही घ्यावयाची, असा तिचा क्रम आहे. या वहीस ‘प्रयोगवही’ असा सुबोध मराठी शब्द असला तरी व्यवहारात ‘जर्नल’ हाच शब्द रूढ आहे. त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे लक्षात घेण्याजोगी आहेत. विद्यार्थी जर्नल ‘पूर्ण करतो’, ‘उतरवून काढतो’, ‘तपासून घेतो’, ‘सर्टिफाय करून घेतो’. ‘जर्नल’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र रोजनिशी असा आहे. ज्या दिवशी जे घडले ते त्याच दिवशी टिपून ठेवण्याची ही वही. ती केवळ पुरी करून सही मिळवण्याची वस्तू कशी झाली, हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासाचाही आहे.

प्रस्तुत लेखक पदार्थविज्ञानाचा अध्यापक नाही. विद्यार्थिदशेत विज्ञानशाखेत काढलेल्या दोन वर्षांत त्यानेही असे जर्नल लिहिले होते, आणि त्यातील बराच मजकूर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवला होता, हे येथे कबूल करणे योग्य होईल. पुढे भाषाविज्ञानाकडे वळल्यावर त्या वहीतील वाक्यांचा पुन्हा विचार करण्याची गरज भासली. प्रयोगाचा वृत्तांत ही एक साक्ष आहे, आणि साक्षीची भाषा ही आज्ञेच्या भाषेहून व सिद्धांताच्या भाषेहून वेगळी असते. हा भेद आपण विद्यार्थ्यास शिकवत नाही, म्हणून त्याच्या वहीतून साक्षच नाहीशी होते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

पदवीच्या वर्गातील जर्नले बहुधा इंग्रजीत लिहिली जातात, हे खरे. तथापि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी शाळेतील प्रयोगवहीची रीत बरोबर घेऊन येतो, आणि प्रयोगशाळेतील बोलणे पुष्कळदा मराठीतूनच चालते. शिवाय स्वभाषेच्या वाक्यात क्रियापदाचे सांधे अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून पुढील विवेचनात उदाहरणे मराठीच घेतली आहेत.

२

पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातील सर्वांस परिचित असा प्रयोग घेऊ. साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढणे, हा तो प्रयोग. दोऱ्यास धातूचा लहान गोळा बांधून तो टांगतात, आधारबिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजतात, आणि वीस आंदोलनांस लागलेला वेळ स्टॉपवॉचने पाहून त्यावरून एका आंदोलनाचा काल काढतात. आंदोलनकालाचा वर्ग हा लांबीच्या प्रमाणात बदलतो. या संबंधावरून गुरुत्वत्वरणाचे मूल्य मिळते.

मार्गदर्शक पुस्तकात या प्रयोगाची कृती अशा वाक्यांत दिलेली असते : ‘गोळा दोऱ्यास बांधून टांगावा. लंबकाची लांबी मोजावी. वीस आंदोलनांचा काल मोजावा.’ ही सर्व क्रियापदे विध्यर्थी आहेत. विध्यर्थ कर्तव्य सांगतो, योग्यता सांगतो, इच्छा सांगतो; काही घडले असे तो सांगत नाही. सूचनेच्या भाषेस तो सर्वथा योग्य आहे. पुस्तकाचा लेखक पुढे कोणीतरी करावयाच्या गोष्टीविषयी बोलत असतो, आणि तो कोणीतरी कोण हे त्यास ठाऊक नसते.

आता जर्नल पाहावे. पुष्कळ विद्यार्थी हीच वाक्ये जशीच्या तशी उतरवतात. ‘गोळा टांगावा’ असे प्रयोग करून आलेल्या मनुष्याने लिहिले, तर त्याचा अर्थ काय करावा? प्रवासाहून परत आलेल्याने ‘गाडीत बसावे, पुण्यास उतरावे’ असे प्रवासवर्णन करावे, तसाच हा प्रकार आहे. दुसरे काही विद्यार्थी ‘गोळा टांगतात, लांबी मोजतात’ असा रीतिवर्तमान वापरतात. त्यातून रीत कळते, प्रसंग कळत नाही. याहून जागरूक विद्यार्थी भूतकाळ वापरतात : ‘गोळा टांगला. लांबी मोजली. वीस आंदोलनांचा काल मोजला.’ अध्यापकांची अपेक्षाही बहुधा एवढीच असते, आणि काळ सुधारला की वृत्तांत सुधारला असे समजले जाते.

परंतु येथे थोडे थांबावयास हवे. ‘टांगावा’ याचे ‘टांगला’ आणि ‘मोजावी’ याचे ‘मोजली’ करणे, हा केवळ प्रत्ययबदल आहे. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता घरी बसून तो करता येतो. पुस्तकातील प्रत्येक वाक्यास एक भूतकाळी वाक्य जोडीस मिळाले, एवढ्याने साक्ष निर्माण होत नाही. साक्षीचे खरे लक्षण निराळे आहे : ज्याचे मूळ वाक्य पुस्तकात सापडत नाही, असे वाक्य वृत्तांतात असले पाहिजे. ‘तिसऱ्या वेळी पंखा चालू असल्याने गोळा सरळ रेषेत न झुलता लंबवर्तुळात फिरू लागला; ते वाचन सोडून देऊन पंखा बंद केला व वाचन पुन्हा घेतले’, हे वाक्य कोणत्याही पुस्तकातून प्रत्यय बदलून मिळणार नाही. ते लिहिण्यास माणूस तेथे असावा लागतो.

या दृष्टीने जर्नलातील सर्वांत चमत्कारिक भाग म्हणजे ‘खबरदारी’ हा मथळा. तो वृत्तांताच्या शेवटी येतो आणि त्यातील वाक्ये बहुतेक वेळा विध्यर्थी असतात : ‘आंदोलनाचा कोन लहान ठेवावा.’ प्रयोग संपल्यावर ही सूचना कोणास उद्देशून आहे? वस्तुतः येथे फार महत्त्वाची माहिती दडलेली असते. लंबकाचे सूत्र लहान कोनापुरते खरे आहे. कोन ५ अंश असेल तर आंदोलनकालात पडणारा फरक ०.०५ टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून तो सोडून देता येतो. कोन २० अंश झाला, तर आंदोलनकाल सुमारे पाऊण टक्क्याने वाढतो व त्यामुळे गुरुत्वत्वरण सुमारे दीड टक्क्याने कमी दिसते. म्हणून ‘कोन लहान ठेवावा’ या वाक्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही, आणि ‘कोन अंदाजे ४ अंश ठेवला, तो कोनमापकाने मोजला नाही, नजरेने ठरवला’ या वाक्याने उत्तराची किंमत करण्याचे साधन हाती येते. दुसऱ्या वाक्यात प्रयोगकर्त्याने आपल्या कामातील एक उणीवही कबूल केली आहे, आणि त्यामुळे ते अधिक विश्वसनीय झाले आहे.

३

वृत्तांताच्या भाषेविषयी दुसरा प्रश्न कर्त्याचा. शास्त्रीय लेखनात ‘मी’ येऊ नये, असा समज आपल्याकडे दृढ आहे. त्यापायी ‘गोळा टांगण्यात आला’, ‘विद्यार्थ्याकडून लांबी मोजली गेली’ अशी वाक्ये लिहिली जातात. व्याकरणकार ज्यास नवीन कर्मणी म्हणतात त्या रचनेचे हे नमुने आहेत. इंग्रजीच्या छायेत वाढलेली ही रचना कार्यालयीन पत्रव्यवहारात व वृत्तपत्रांत स्थिरावली आहे. ‘सूचित करण्यात येते की’ हे तिचे परिचित रूप.

मराठीस तिची गरज येथे मुळीच नाही. सकर्मक धातूच्या भूतकाळात मराठीत क्रियापद कर्माच्या लिंगवचनांप्रमाणे चालते : मी गोळा टांगला, मी लांबी मोजली, मी वाचने घेतली. ही रचना परंपरेने कर्मणीच होय. कर्ता उघड सांगितला नाही, तरी ‘लांबी मोजली’ हे वाक्य तितकेच पूर्ण व नैसर्गिक राहते. इंग्रजीस कर्ता झाकण्यासाठी जी वेगळी रचना करावी लागते, तिचे काम मराठीत साध्या भूतकाळानेच होते.

तथापि कर्ता गाळता येतो म्हणून तो नेहमीच गाळावा, असेही नव्हे. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत बहुधा दोघे-तिघे मिळून एक प्रयोग करतात. एकजण आंदोलने मोजतो, दुसरा घड्याळ दाबतो. वेळेतील चूक मुख्यतः हाताच्या विलंबातून येते, म्हणून घड्याळ सर्व वेळी एकाच्याच हातात होते की मधेच बदलले, हे समजणे आवश्यक असते. ‘पहिली तीन वाचने माझी, नंतरची दोन सहकाऱ्याची’ या वाक्यातील कर्ता हा अहंकार नसून माहिती आहे. जेथे कर्ता बदलल्याने निष्कर्ष बदलू शकतो, तेथे कर्ता सांगावा. एरवी क्रियापद पुरेसे आहे.

शास्त्रीय लेखनाचा इतिहासही या समजास आधार देत नाही. रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये वायुपंपाच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांचे जे वृत्तांत प्रसिद्ध केले, ते प्रथमपुरुषी व अतिशय सविस्तर आहेत. पात्रातून हवा गळत होती, अमुक प्रयत्न फसला, अशा गोष्टीही त्यांत येतात. १६६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात तर प्रयोगांच्या अपयशावर दोन स्वतंत्र निबंध आहेत. जो वाचक प्रयोगास हजर नव्हता, त्याला हजर असल्यासारखे वाटावे, हा या पाल्हाळामागील हेतू होता, असे विवेचन इतिहासकार स्टीव्हन शेपिन यांनी १९८४ मध्ये केले आहे.

आपल्या परंपरेच्या परिभाषेत हेच अधिक नेमके सांगता येते. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानले. परंतु ते आप्ताच्या शब्दापुरते. आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा मनुष्य. प्रयोगवृत्तांताचे कार्य हेच आहे. एकाचे प्रत्यक्ष दुसऱ्यास शब्दरूपाने पोचवावयाचे; आणि वाचताना प्रत्यक्ष कोणते, अनुमान कोणते आणि पुस्तकातून घेतलेले कोणते, हे तीन धागे वेगळे दिसले पाहिजेत. ‘निरीक्षणे’, ‘गणित’ व ‘सूत्र’ हे मथळे मुळात या तीन धाग्यांसाठीच आहेत.

४

साक्षीचा तिसरा घटक म्हणजे अंक. अंक हाही भाषेचाच भाग आहे, आणि त्यासही आपले व्याकरण आहे. ‘लांबी १०० सेंटिमीटर’ आणि ‘लांबी १००.० सेंटिमीटर’ ही गणिताच्या दृष्टीने एकच संख्या असली, तरी वृत्तांतात ती दोन भिन्न विधाने आहेत. दुसऱ्या विधानात, मी मिलिमीटरपर्यंत पाहिले, असा दावा अनुस्यूत आहे. काही भाषांत वक्त्याला एखादी गोष्ट त्याने पाहिली की ऐकली, हे क्रियापदाच्या रूपानेच दाखवावे लागते. तुर्की भाषेत प्रत्यक्ष पाहिलेल्या भूतकालीन घटनेचा प्रत्यय निराळा आणि ऐकलेल्या वा अनुमानलेल्या घटनेचा निराळा. मोजमापाच्या भाषेत हे काम दशांशचिन्हापुढील अंक करतात.

समजा, १००.० सेंटिमीटर लांबीच्या लंबकाची वीस आंदोलने तीन वेळा मोजली आणि ४०.१, ४०.४ व ४०.४ सेकंद अशी वाचने मिळाली. सरासरी ४०.३ सेकंद, एका आंदोलनाचा काल २.०१५ सेकंद, त्यावरून गुरुत्वत्वरण सुमारे ९७२ सेंटिमीटर दर सेकंद दर सेकंद येते. गणकयंत्र याहून किती तरी अधिक अंक दाखवील, आणि पुष्कळ जर्नलांत ते सर्व उतरवलेले आढळतात. परंतु वेळेत ०.२ सेकंद इकडेतिकडे होणे सहज शक्य आहे. हे प्रमाण अर्ध्या टक्क्याचे झाले. काल वर्गात येत असल्याने उत्तरात ते एक टक्का होते. म्हणून प्रामाणिक विधान असे : ९७२, दहाने कमी किंवा जास्त. दशांशचिन्हापुढे लिहिलेला प्रत्येक अंक येथे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देतो.

५

आता आपण मुख्य अडचणीपाशी येतो. विद्यार्थ्याच्या मनात एक आकडा आधीच असतो : ९८१. आपले ९७२ पाहून तो म्हणतो, ‘उत्तर आले नाही.’ हा प्रयोग अत्यंत बोलका आहे. उत्तर तर आले आहे. ते समोर लिहिलेले आहे. पण ‘उत्तर येणे’ याचा प्रयोगशाळेतील अर्थ ‘पुस्तकातील आकडा मिळणे’ असा झाला आहे. मग रीडिंग ‘जुळवली’ जातात, म्हणजे उत्तरापासून उलटे गणित करून वाचने तयार होतात. ‘उत्तर काढणे’ या क्रियापदात शोध आहे; ‘उत्तर आणणे’ यात ते कोठे आहे हे आधीच ठाऊक आहे. विद्यार्थ्याच्या बोलीने आपली खरी परिस्थिती बिनचूक नोंदवली आहे.

यातील विशेष असा की, ९८१ हा आकडा विद्यार्थ्याच्या गावाचा नसतोच. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारे ९७८.० व ध्रुवांपाशी सुमारे ९८३.२ असते. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने व्यवहारासाठी ९८०.६६५ हे प्रमाण मूल्य ठरवले. ९८१ हे त्याचेच पूर्णांकी रूप. लंडनच्या अक्षांशावर ते सुमारे ९८१.२ भरते, मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीस सुमारे ९७८.६. तेव्हा मुंबईतील ज्या विद्यार्थ्याने वाचने जुळवून ९८१.० आणले, त्याने बरोबर उत्तर सोडून परक्या ठिकाणचे उत्तर लिहिले, असे होते. उलट ‘९७२, दहाने कमी किंवा जास्त’ या विधानात ९७८.६ सामावते आणि ९८१ ही सामावते. ते विधान खरे आहे आणि या साधनांनी दोहोंत निवड करता येत नाही, हेही ते सांगते. निवड करावयाची असेल तर वीसऐवजी शंभर आंदोलने मोजावीत. तीच ०.२ सेकंदांची चूक मग सुमारे दोनशे सेकंदांत विभागली जाते व वेळेमुळे उत्तरात येणारी अनिश्चितता दोनाच्या आसपास उतरते. पुढील प्रयोगाची दिशा येथे चुकीच्या अंदाजातूनच मिळाली, आणि जुळवलेल्या वाचनांतून ती कधीच मिळाली नसती.

अपेक्षेचा हा मोह केवळ नवशिक्यांस होतो असे नाही. रॉबर्ट मिलिकन याने तेलाच्या थेंबांवरील प्रयोगांतून इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार मोजला. १९१० च्या लेखात त्याने आपल्या निरीक्षणांना गुणानुक्रमे तारकाचिन्हे दिली होती आणि काही निरीक्षणे वगळल्याचे उघड सांगितले होते. १९१३ च्या लेखात मात्र त्याने ५८ थेंबांची निरीक्षणे देऊन, हे निवडक थेंब नसून सलग ६० दिवसांत प्रयोग केलेले सर्व थेंब होत, अशा आशयाचे विधान केले. जेराल्ड होल्टन यांनी १९७८ मध्ये त्याच्या नोंदवह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्या वह्यांत याहून पुष्कळ अधिक थेंब आढळले. वगळलेल्या थेंबांमुळे अंतिम मूल्यात फारसा फरक पडत नव्हता, असे पुढील अभ्यासात दिसून आले, आणि वगळण्यामागील कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि भाषेच्या अभ्यासकास यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते : येथे बाधा आली ती अंकांना नव्हे, ‘सर्व’ या एका विशेषणाला. १९१० च्या वृत्तांतातील तारका कबुली देत होत्या. १९१३ च्या ‘सर्व’ने ती काढून घेतली.

या कथेचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. हवेच्या श्यानतेचे मूल्य किंचित चुकीचे घेतल्याने मिलिकनचे उत्तर आजच्या मूल्याहून सुमारे ०.६ टक्क्याने कमी होते. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मधील आपल्या एका भाषणात दाखवले की, नंतरच्या संशोधकांची मूल्ये एकदम खऱ्या आकड्यावर न जाता हळूहळू वर सरकली. उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळे आले की चूक कसून शोधली जाई. जवळ आले की तितकी शोधली जात नसे. ‘उत्तर आले नाही’ असे म्हणणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी या मोठ्या कुळातीलच आहे.

६

वाक्य पूर्ण होण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधी यांची आवश्यकता असते, असे आपल्या शास्त्रकारांनी म्हटले आहे. एक पद उच्चारले की दुसऱ्या पदाची अपेक्षा उत्पन्न होते, ती आकांक्षा. वृत्तांतासही अशी आकांक्षा असते. ‘वीस आंदोलने मोजली’ म्हटले की, कोणत्या बिंदूपासून, कोणी, किती वेळा, असे प्रश्न वाचकाच्या मनात उठतात, आणि त्यांची उत्तरे पुढील वाक्यांत मिळाली पाहिजेत. आज जर्नलाची आकांक्षा मथळ्यांनी भागते : आठ मथळे आहेत ना, आकृती पेन्सिलीने आहे ना, उत्तर ९८१ च्या जवळ आहे ना, एवढेच पाहिले जाते. अध्यापक जे अपेक्षितो, तेच विद्यार्थी लिहितो; त्यात दोष विद्यार्थ्याचा थोडा आहे. एका बॅचची वीस जर्नले एका तासात तपासावी लागणाऱ्या अध्यापकाचाही तो सर्वस्वी नाही.

म्हणून मोठ्या सुधारणांची वाट न पाहता तीन लहान गोष्टी करता येतील. वाचने प्रथम जेथे टिपली तो कच्चा कागद, खाडाखोडीसह, जर्नलास जोडावा. खोडलेले वाचन हेही वाचन आहे. ‘खबरदारी’ या मथळ्याखाली विध्यर्थ वर्ज्य करून, काय केले व काय करता आले नाही, ते भूतकाळात लिहावे. आणि गुण देताना उत्तराची पुस्तकाशी जवळीक न पाहता, उत्तर आणि त्याची सांगितलेली अनिश्चितता यांचा मेळ पाहावा. ९७२ ला पूर्ण गुण मिळू शकतात, हे एकदा वर्गात दिसले की वाचने जुळवण्याचे प्रयोजनच उरणार नाही.

हा विषय आपल्या विभागाच्या पत्रिकेत का मांडला, असे कोणी विचारील. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणासाठी, ज्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले, उधळ्या पुत्राच्या कथेची बोलीभाषांतरे बहुतांशी स्थानिक अधिकाऱ्यांकरवी मागवली गेली. असा नमुना वाचताना, हे रूप कोणाच्या तोंडून ऐकले की लिहिणाऱ्याने ते असावे असे मानले, हा प्रश्न आपल्याला आजही पडतो. आपले विद्यार्थी बोलींच्या पाहणीसाठी गावोगाव जातात, तेव्हा त्यांच्या वहीतही हाच मोह उभा राहतो. निवेदक एक रूप बोलतो, पुस्तकाप्रमाणे दुसरे यावयास हवे असते, आणि कोष्टक नीटनेटके दिसावे म्हणून लेखणी दुसऱ्याकडे वळते. सतरा-अठराव्या वर्षी लंबकापाशी ज्याने ‘उत्तर आणले’, त्याच्या हाताला ही सवय आधीच लागलेली असते. ऐकले ते आणि अपेक्षिले ते यांची नोंद दोन वेगळ्या रकान्यांत करणे, हा आपल्या क्षेत्रीय कामाचा पहिला नियम आहे, आणि त्याचा पहिला पाठ पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील त्या वहीतच मिळावयास हवा.